पत्ता नसलेला नवस

१३ जानेवारी, गुरुवार

नवस फेडायला सत्तावीस दिवस उरले, आणि तो कुठल्या देवापुढे बोलले तेच आठवत नाही!

लिहितानासुद्धा हसू येतं. मॅट्रिक झालेली बाई. मिठाच्या पुडीचीही नोंद ठेवते. आणि देव हरवून बसली.

काय बोलले ते अक्षरन् अक्षर आठवतं. गेल्या एप्रिलात यांच्या पोटातला अल्सर फुटला. टेकडीवरच्या इस्पितळात सहा तास ऑपरेशन. नर्स म्हणाली, “मावशी, येरझाऱ्या घालू नका, फरशी झिजेल.” म्हणून बाहेर पडले आणि भर पावसात गावातल्या देवांच्या मागे लागले. कुठेतरी ओल्या दगडावर कपाळ टेकलं, डोळे घट्ट मिटले आणि मोठ्यानं म्हणाले — “हे वाचले तर ताईशी पहिला शब्द मी बोलेन. ती बोलायच्या आधी. मी.”

हे वाचले. आत्ता शेजारच्या खोलीत खारे शेंगदाणे खातायत, डॉक्टरांनी बंद केलेले.

मी मात्र ताईशी बोललेली नाही. अकरा वर्षं झाली. ताई म्हणजे माझी थोरली, सौ-किंग — लग्नानंतर बाप्तिस्मा घेऊन फिलोमेना झालेली. आईच्या शेवटच्या आठवड्यात तिनं पाद्री बोलावून आईच्या कपाळावर पाणी शिंपडवलं आणि तिला सान मिगेलच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेऊन पुरलं. मी फाटकाबाहेर उभी राहून सगळ्यांसमोर ओरडले, “या भिंतीच्या आत मी पाय ठेवणार नाही!” ठेवला नाही. तेव्हापासून आमच्यात शब्द नाही. ती राहते इथून चार गल्ल्यांवर.

सासूबाईंची शिकवण अशी: जिथे मागितलं तिथेच आधी आभार मानायचे, मग नवस फेडायचा, आणि हे सगळं आमचं चिनी वर्ष सरायच्या आत, म्हणजे यंदा नऊ फेब्रुवारीपर्यंत. भलत्याच देवाचे आभार मानले तर पहिला रागावतो आणि दुसरा संकोचतो.

खुणा तीन. एक, उघड्यावर होते, कारण बोलता बोलता पाऊस थांबला. मानेवर एक थेंब पडेना. मी मनात म्हटलं, ऐकलं! दोन, घरी आले तेव्हा पायजम्याच्या गुडघ्यांना शेवाळ. तीन — हे लिहायची लाज वाटते — हातात परकी छत्री. काळी. लाकडी मूठ चिरलेली, तिला लाल दोरा गुंडाळलेला. उठले तेव्हा माझ्या खांद्याला टेकून उघडी उभी होती, मी घेतली आणि चालू लागले. म्हणजे ज्या देवाकडे नवऱ्याचे प्राण मागितले त्याच देवाच्या दारातली छत्री मी चोरली!

नऊ महिने वापरतेय. चांगली छत्री आहे.

१४ जानेवारी, शुक्रवार

आ-मा देवीच्या देवळापासून सुरुवात. एप्रिलच्या वहीत त्या दिवशी पाच ठिकाणच्या उदबत्त्यांची नोंद आहे, त्यात ही पहिली.

खडकांवर चढत चढत चारही गाभारे केले. प्रत्येक दगडाला हात लावून शेवाळ आहे का बघितलं. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, “बघ, आजी किती श्रद्धेनं पाया पडतायत.” मी तशीच वाकून राहिले. करते काय!

छत्री दाखवून ‘नऊ महिन्यांपूर्वी सापडली, इथली कुणाची का?’ विचारलं, तर उदबत्त्या विकणारी म्हणाली, “इथे छत्री विसरली तर पाच मिनिटांत जाते. नऊ महिने? तुम्ही तर देवमाणूस!”

खरं सांगायची हिंमत झाली नाही.

१७ जानेवारी, सोमवार

करुणेची देवी कुआन याम, तिच्या देवळात. आज नुसतं बघणं नाही, सरळ विचारायचं ठरवलं. कौल लावायच्या लाकडाच्या दोन कोयऱ्या ओंजळीत धरल्या, “आई, तुझ्यापुढेच बोलले होते का?” म्हटलं, आणि खाली टाकल्या. एक पालथी एक उताणी पडली की होकार. दोन्ही पालथ्या, नकार. दोन्ही उताण्या पडल्या की देवी हसली असं धरायचं.

हसली.

पुन्हा टाकल्या. हसली. तिसऱ्यांदा टाकल्या तर एक कोयरी घरंगळत लाओकाकांच्या टेबलाखाली गेली. हे काका चाळीस वर्षं तिथे बसून लोकांचा कौल वाचून दाखवतात. वाकून उचलली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुमचं काय एवढं विनोदी चाललंय?”

सांगितलं. नवस काय ते नाही — फिटल्याशिवाय सांगायचा नसतो — फक्त जागा हरवली एवढं.

“त्या दिवशी पाऊस थांबला म्हणता?” काका म्हणाले. “माझी बहीण दुसऱ्या दिवशी गेली, म्हणून ती तारीख मला पाठ आहे. अंगण तुंबलं होतं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एक क्षण उघडीप नव्हती.”

“माझ्यापुरता थांबला असेल,” मी म्हटलं.

“मग तुम्ही फार मोठ्या बाई आहात,” म्हणाले, आणि चहा प्यायला लागले.

१८ जानेवारी, मंगळवार

पाय सुजले. देवांना उंचावर राहायची भारी हौस.

२१ जानेवारी, शुक्रवार

कमळशिखराचं देऊळ. पुढच्या अंगणात, फिरंग्यांची अफू जप्त करून नष्ट करणाऱ्या जुन्या सरकारी साहेबांचं स्मारक आहे, मोठा दगडी पुतळा. एप्रिलात घाबरलेल्या डोक्यानं मी त्यांनाही नमस्कार घातला असणारच, कारण वहीत तिथेही उदबत्ती आहे! नवऱ्याच्या पोटासाठी सरकारी अधिकाऱ्याला साकडं घालणारी गावात मी एकटीच.

तरी विचारून घेतलं. “साहेब, माझा अर्ज तुमच्याकडे आला होता का?” साहेब समुद्राकडे बघत राहिले. कचेरीतले लोक असेच बघतात.

तिथे शेवाळ नाही. फरशी रोज धुतात.

२२ जानेवारी, शनिवार

यांना कळलंच. रोज छत्री घेऊन कुठे जातेस, म्हणून धरून बसले. मी सांगितलं की नवस बोलले होते, जागा विसरले.

आमचे हे तीस वर्षं टपाल वाटत हिंडले. पोट धरून हसले, टाक्यांची जागा दुखेपर्यंत. “अगं, पत्ता न लिहिता पत्र टाकलंस! असली पत्रं आम्ही एका पोत्यात घालायचो.”

“आणि पोत्याचं काय करायचात?”

“वर्षाच्या शेवटी जाळायचो.”

मला रडू आलं. मग हे गडबडले. “बोललीस तरी काय? भाजलेलं डुक्कर ना? अख्खं?”

नवस सांगायचा नसतो. मी म्हटलं, “तसंच काहीसं.”

तेव्हापासून सारखे विचारतायत, देवाला दाखवून झाल्यावर ते घरी आणायचं ना! पोटाला टाके आणि डोळ्यांत डुक्कर.

२५ जानेवारी, मंगळवार

देवळं पाचही संपली. आता बागा.

लोऊंच्या बागेत सकाळी सातला गेले. व्यायाम म्हणून हवेत संथ हात फिरवणारे फिरवत होते, पिंजरे घेऊन आलेले आपापल्या पक्ष्यांची बढाई मारत होते, आणि मी वाकड्यातिकड्या पुलावर गुडघे टेकून दगड तपासत होते. पिंजरेवाला म्हणाला, “मावशी, बांगडी पडली का पाण्यात?” मी हो म्हटलं. झालं! चार म्हातारे बांगडी शोधायला वाकले. एकाचा चष्मा खरोखर पाण्यात पडला. मग तो शोधण्यात पाऊण तास.

वहीत लिहून ठेवते: एका खोट्यानं पाच माणसांची सकाळ खाल्ली.

बांगडीवरून आठवलं. ताईकडे आईची हिरवी बांगडी आहे. आई गेल्यावर तिनं मला पाठवली होती. मी परत पाठवली. बरोबर चिठ्ठीसुद्धा नव्हती.

२८ जानेवारी, शुक्रवार

पारव्यांच्या बागेत. तिथे दगडांच्या कपारीत एका फिरंगी कवीचं ब्राँझचं डोकं बसवलंय, एक डोळा अधू असलेलं. लहानपणी आम्ही दोघी त्याला भ्यायचो. ताई माझा हात धरून पुढे न्यायची, म्हणायची, “डोळा मिटून चल, मी बघते रस्ता.”

शेवाळ भरपूर! कपारीपुढे गुडघे टेकले. सोंगट्यांचा डाव टाकून बसलेले दोघे थांबून बघायला लागले.

“हा पावतो का हो नवसाला?” एकानं विचारलं.

“परीक्षेला बसणारी पोरं करतात नमस्कार,” दुसरा म्हणाला. “पण तो स्वतः सगळीकडून हाकललेला. तो काय देणार?”

ओळखीचं काहीच वाटलं नाही. हे शेवाळ सुकं, पिवळट. माझं हिरवंगार होतं.

येताना मनात आलं — समजा जागा सापडलीच नाही, तर नवस फिटणार नाही. फिटणार नसेल तर ताईकडे जायचं कारण नाही. आणि हे मनात येताच बरं वाटलं!

म्हणजे दोन आठवडे मी देव शोधतेय की न सापडण्याची सोय बघतेय? पन्नाशी उलटली तरी स्वतःला फसवायची कला शाबूत आहे.

३१ जानेवारी, सोमवार

आज जेवण झाल्यावर यांनी जुनं पाकीट फाडून उलटं पसरलं, पेन्सिल घेतली. “चल. तुझी फेरी लावू. इस्पितळातून निघालीस. कुठल्या दारानं?”

“मागच्या.”

“मग उतार. उताराखाली?”

“चौक. मग देवळं.”

“देवळं नंतर. टपालवाला रस्त्यातलं एकही दार सोडत नाही. पावसात बाई चालतेय, छत्री नाही. आडोसा म्हणून कशाच्या कडेकडेनं चालेल?”

“भिंतीच्या.”

“कसली भिंत?”

मी ताटं उचलली.

“सौ-हेंग,” हे म्हणाले. नाव घेऊन सहसा हाक मारत नाहीत. “भिंत कसली?”

“पांढरी.”

यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “त्या फाटकाच्या पेटीत मी तीस वर्षं पत्रं टाकलीत. आत हिरवं प्रार्थनाघर आहे. झाडं दाट. दगड कधी वाळत नाहीत तिथले.”

मी नळ मोठा सोडला. भांडी फार आवाज करत घासली.

१ फेब्रुवारी, मंगळवार

शक्य नाही. मी तिथे पाय ठेवणार नाही म्हणून शपथ घेतलीय. माझा पाय मला माहीत असणार ना!

२ फेब्रुवारी, बुधवार

गेले.

उदबत्त्या भाजीच्या पिशवीत पालकाखाली लपवल्या. जणू फाटकावर झडती होणार. फाटकावर कुणीच नव्हतं, एक मांजर होतं. त्यानं काही विचारलं नाही.

आईचा दगड कुठे ते माहीत नाही म्हणून एकेका देवदूतापुढून जात राहिले. अकरा वर्षं न आलेली बाई प्रत्येक देवदूताला मान लववून, “माफ करा, हा नव्हे,” म्हणत चाललेली! पण पाय थांबेनात. डावीकडे वळले, तुटक्या पायरीवरून, हिरव्या प्रार्थनाघरामागे. पायांना माहीत होतं. मलाच सांगितलं नव्हतं त्यांनी.

दगड लहानसा. चिनी मातीच्या चकतीवर आईचा फोटो, खाली तिचं खरं नाव, त्याखाली ते दुसरं, मारिया. पुढ्यात शेवाळ. हिरवंगार.

सगळं आठवलं. देवाबिवापुढे नव्हतेच मी! दुसऱ्या कुणी माझं ऐकेलसं वाटेना म्हणून आईकडे आले होते. लहान मूल पडलं की जातं तशी. आणि मग लाजेनं विसरूनही गेले. वहीत नोंद कशी असेल? आईकडे यायला उदबत्ती विकत घेतली नव्हती.

कोयऱ्या नव्हत्या म्हणून दोन नाणी टाकली. “आई, इथेच ना?” एक छाप, एक काटा. होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही! कुआन याम का हसत होती ते कळलं.

उदबत्ती लावायला वाकले तर दगडाच्या कडेला आधीच जळक्या काड्या. नीट तीन-तीनच्या जुडीत. आणि एक संत्रं, ताजं. ख्रिस्ती दफनभूमीत!

झाडणारी बाई लांबून बघत होती. जवळ आली. “ते काठीवाली बाई ठेवते. दर शुक्रवारी. मी म्हटलं, अहो तुम्ही तर गळ्यात क्रूस घालता. तर म्हणाली, ‘हे माझ्यातर्फे नाही. धाकटी बहीण असं मानते. तिला यायला जमत नाही, म्हणून तिच्या वाटचं मी करते.’”

मी संत्र्याकडे बघत राहिले.

“भारी चिवट बाई,” ती म्हणाली. “पाऊस असला तरी येते. डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून. एक छत्री घ्या की म्हटलं, तर म्हणते, आहे मला छत्री, दुरुस्तीला दिलीय.”

ताईची काटकसर! घराण्याचा गुण. आईही जुन्या मोज्यांचे पोतेरे करायची.

आईचे आभार मानले. फार वेळ लागला.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आता पळवाट उरली नाही. म्हणून आज घर झाडलं. मुळ्याच्या वड्या केल्या, दोन थाळे. जिन्याचा कठडा पुसला, जो मालकानं पुसायचा असतो. खिडकीच्या काचा. मग पुन्हा खिडकीच्या काचा.

“डुक्कर कधी?” यांनी विचारलं.

“डुक्कर नाहीये.”

“माहीत आहे,” हे म्हणाले. “पाकिटावर रस्ता काढला तेव्हाच कळलं. आशा ठेवली होती, एवढंच.”

उद्या चूलदेव वर जाणार. वर्षभर आमच्या चुलीमागे बसून बघितलेलं सगळं स्वर्गात जाऊन सांगणार. दरवर्षी त्याच्या तोंडाला चिकट मिठाई लावते, म्हणजे गोड बोलेल किंवा बोलताच येणार नाही. यंदा दुप्पट आणलीय. अकरा वर्षं त्याला लाच देतेय आणि स्वतःला भाविक म्हणवते!

पहिला शब्द काय असावा? “ताई” म्हणावं तर पुढे काय? “कशी आहेस” म्हणावं तर अकरा वर्षांनी विचारतेस का म्हणेल. आरशापुढे सहा वाक्यं म्हणून बघितली. सगळीच भाषणं वाटली. आणि मी दार ठोकल्यावर ती आतूनच “कोण?” म्हणाली तर? पहिला शब्द तिचा झाला! नवस गेला. यांना एवढंच सांगितलं की ताईचं दार ठोकायला नको वाटतं. हे म्हणाले, “मग ठोकूच नकोस. सकाळी आठला कचरा ठेवायला ती स्वतः दार उघडते. तीस वर्षं त्या गल्लीत पत्रं वाटलीत मी.”

४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाऊस. आठला पाच मिनिटं कमी असताना तिच्या दारात उभी. एका हातात वड्या, एका हातात छत्री.

दार उघडलं. हातात काठी, कचऱ्याची पिशवी. केस सगळे पांढरे झालेत. माझ्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. सहाही वाक्यं पळाली. तोंडातून निघालं, “ताई, ही ओली आहे, कुठे ठेवू?”

ताईनं श्वास सोडला. किती दिवसांचा धरून ठेवलेला कोण जाणे. छत्री माझ्या हातातून घेतली, मुठीवरचा लाल दोरा अंगठ्यानं चाचपला.

“सैल झालाय. मी घट्ट बांधला होता.”

मला काही कळेना.

“तुझ्या डोक्यावर धरून मागे उभी होते मी. हाक मारणारच होते, तेवढ्यात म्हणालीस, पहिला शब्द माझा. मग छत्री तुझ्या खांद्याला टेकवली आणि तशीच निघाले.” तिचा आवाज फाटला. “मी नाही मानत असलं काही. पण मी आधी बोलले असते आणि तुझा नवरा गेला असता तर? दहा महिने, मेले! चार गल्ल्या यायला दहा महिने?”

त्या दिवशी पाऊस थांबला नव्हता.